वाचनकट्ट्यासाठी पुस्तकं सुचवा: वाईट काळात माणूस काय निवडतो?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. भाताची कापणी-मळणी आटोपली की जानेवारीत सुरू करायचा आणि लग्नसराई अंगावर यायच्या आत, एप्रिलच्या मध्याला थांबवायचा, असा रिवाज. म्हणजे हाताशी १४ बैठका. एकेक बैठक दीड तासाची, आणि साडेसातला संपलीच पाहिजे, नाहीतर बायका पुढच्या वेळी येत नाहीत.

यंदाचा विषय ठरलाय: काळ फिरलेला असताना माणूस काय निवडतो आणि कशाच्या बळावर टिकतो. युद्ध, दुष्काळ, साथ, छळ, फाळणी, काहीही चालेल. कादंबरी, आठवणी, आत्मकथन, सगळं चालेल.

माणसं १८ ते २०, वयं १६ पासून ७० पर्यंत. चार-पाचजण कन्नड माध्यमात शिकलेले; घरात मराठीच, पण छापील मराठी वाचताना अडखळतात. दोघा-तिघांचं इंग्रजी चांगलं आहे. नवीन पुस्तकांसाठी ४,००० रुपये आहेत.

विचारायचंय ते असं. पुस्तकं कोणती आणि क्रम कोणता? सगळं पुस्तक वाचायचं की निवडक भाग? आणि चर्चा दरवेळी 'मी असतो तर असं केलं असतं' इथे येऊन रुतते, ती पुढे कशी न्यायची? 'सकारात्मक विचार' छापाची पुस्तकं कृपया नकोत, त्यांनी एक अख्खं कपाट भरलंय.

जुनं कपाट

१४ बैठकांत पाच-सहा पुस्तकं बसवायचा मोह होतो, तो टाळा. आधी वेळेचा हिशेब बघा. सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठी वाचताना मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या पुढे सहसा जाता येत नाही. कादंबरीच्या नेहमीच्या पानावर २८०-३०० शब्द, म्हणजे पानाला अडीच मिनिटं. ४० मिनिटं वाचन धरलं तर १६ पानं झाली. त्याहून जास्त वाचलं की मागच्या रांगेत पेंग सुरू होते आणि चर्चेला वेळ उरत नाही. दीडशे पानांचं पुस्तक पूर्ण मोठ्यानं वाचायचं म्हटलं तर नऊ-दहा रविवार तिथेच गेले. तेव्हा कट्ट्यावर वाचायचे ते निर्णयाच्या अलीकडचे भाग. मधलं ज्यानं त्यानं घरी वाचावं, किंवा एकानं पाच मिनिटांत सांगून टाकावं.

माझी यादी: 'रणांगण', 'बनगरवाडी', 'फकिरा', आणि प्रिमो लेवी या इटालियन ज्यू लेखकाच्या नाझी छावणीच्या आठवणींतली दोन प्रकरणं.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज, त्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि घरी परतणारा मराठी तरुण चक्रधर. त्याचं आणि हॅर्टाचं जुळतं. मुंबईला तो उतरू शकतो. तिला पुढे शांघायला जावं लागणार, कारण तिला उतरवून घेणारा देशच नाही. या पुस्तकाचं खरं मोल त्याच्या सालात आहे. पुढे छावण्यांत जे झालं ते तेव्हा व्हायचं होतं. लेखकाला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आजच्या वाचकाला मात्र सगळं माहीत असतं, त्यामुळे चक्रधरवर पहिल्याच बैठकीत खटला उभा राहतो. म्हणून फळ्यावर ठळक १९३९ लिहा आणि त्या सालानंतरची कुठलीही माहिती चर्चेत आणायची नाही असा नियम घाला. माणसाचा निर्णय तोलायचा तर त्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं तेवढंच तराजूत टाकायचं. पुढच्या सगळ्या पुस्तकांना हाच नियम लागणार आहे, त्याची सवय इथे होते. तीन बैठका द्या. शेवट कोणी आधी फोडणार नाही याची तंबी द्या.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) दोन बैठकांत होते. माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानाने शाळेवर धाडलेला कोवळा मास्तर. इथे खलनायक नाही. पाऊस येत नाही, एवढंच. शेकूची बायको एका बैलाच्या जोडीला स्वतः औताला खांदा देते तो भाग आणि शेवटी वाडी उठते तो भाग, हे दोन मोठ्यानं वाचा. टिकणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाय रोवून उभा राहिलेला माणूस येतो. या पुस्तकात टिकणारी माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. चारा असेल तिथे जायचं, मेंढरं जगली तर आपण जगू. यावर तुमच्याकडे वाद होईल, होऊ द्या. कामासाठी गोव्याला आणि पुण्याला गेलेल्यांची घरं गावात असतीलच, त्यामुळे बोलायला माणसं कमी पडायची नाहीत.

अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) चार बैठका खाईल, आणि तेवढ्या द्याव्यात. वाचायच्या आधी दहा मिनिटं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावर घालवा: जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवलेली, गावकामगाराकडे रोजची हजेरी, परगावी जायला परवानगी. देशभरात हा कायदा १९५२ ला उठला. हे माहीत नसेल तर पोरं फकिराला सिनेमातल्या दरोडेखोराच्या खात्यात टाकतात. दुष्काळात माणसं भुकेनं मरताहेत, धान्य कोठारात आहे, तेव्हा लूट हा गुन्हा की कर्तव्य, हा पहिला प्रश्न. तो सोपा आहे, सगळे एका बाजूला जातात. अवघड प्रश्न शेवटाकडे येतो: लुटीची किंमत सरकार लुटणाऱ्याकडून वसूल करत नाही, त्याच्या बायकापोरांकडून आणि भाऊबंदांकडून करतं. तेव्हा फकिरा जे करतो त्याच्या अलीकडच्या पानावर थांबा.

लेवीचं पुस्तक इंग्रजीत दोन नावांनी मिळतं, 'इफ धिस इज अ मॅन' आणि अमेरिकन आवृत्तीत 'सर्व्हायव्हल इन ऑशविट्झ'. पुस्तक एकच, दोनदा मागवू नका. तुमच्यातल्या इंग्रजीवाल्यांनी दोन प्रकरणं वाचून मराठीत सांगायची. एक, स्टाइनलाउफचं. पहिल्या महायुद्धात लढलेला हा जुना सैनिक छावणीत साबणाशिवाय, घाण पाण्यानं, रोज अंग घासून धुतो आणि स्वतःच्या कोटाला पुसतो. लेवीला ते निरर्थक वाटतं: अंगातली उरलीसुरली ताकद खर्च करायची, आणि अर्ध्या तासात कोळशाच्या पोत्यांनी पुन्हा काळंच व्हायचं. स्टाइनलाउफचं म्हणणं, सगळं काढून घेतलंय, तरी होकार न देण्याची एक ताकद उरलीय, ती जाऊ द्यायची नाही. आणि गंमत म्हणजे लेवीला ते पूर्ण पटत नाही, आणि तो तसं लिहितो. म्हणून हे प्रकरण चर्चेला इतकं चांगलं.

दुसरं प्रकरण शेवटच्या दहा दिवसांचं. जानेवारी १९४५, जर्मन पळालेत, दवाखान्याच्या खोलीत आजारी कैदी कडाक्याच्या थंडीत टाकलेले. लेवी आणि दोघे फ्रेंच बाहेरून शेगडी ढकलत आणतात, फुटकी खिडकी बुजवतात, खोलीत ऊब येते. तेव्हा बाकीच्यांतला एकजण सुचवतो की काम केलेल्या तिघांना प्रत्येकानं आपल्या पावातला एकेक तुकडा द्यावा. आदल्या दिवसापर्यंत छावणीचा कायदा होता 'आपला पाव खा, जमलं तर शेजाऱ्याचाही'. कैद्याचा पुन्हा माणूस व्हायला तिथून सुरुवात झाली, असं लेवी मानतो. या दोन प्रकरणांना तीन बैठका.

बेरीज १२. एक बैठक ओळखीला, एक राखीव. यात्रा, मयत, लाईट, काही ना काही निघतंच.

छावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव कोणीतरी सुचवेलच, त्याचं पुस्तक मराठीत 'अर्थाच्या शोधात' या नावानं आहे. घ्यायचं तर पहिला, छावणीचा भाग घ्या. दुसरा भाग त्याच्या उपचारपद्धतीचा आहे, तो कट्ट्यावर चालत नाही. धोका असा की हे पुस्तक लोक 'मनात आणलं की सगळं जमतं' म्हणून वाचतात. फ्रँकल स्वतः उलट लिहितो: आमच्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत. ते वाक्य पहिल्या काही पानांतच आहे, तिथे बोट ठेवा.

हिडकल

वरच्या यादीला नावं ठेवायची नाहीत, पण सुरुवात 'रणांगण'नं नको. त्याचा पहिला निम्मा भाग जहाजावरच्या प्रेमात जातो. १६-१७ वर्षांची पोरं मोठ्यांच्या समोर ते ऐकताना एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि बैठक हातातून जाते. शिवाय कन्नड माध्यमाची पोरं पहिल्याच दिवशी मागं पडली की ती पडलीच.

म्हणून सुरुवात अनंतमूर्तींच्या 'संस्कार'नं करा. मूळ कन्नड, १९६५. बेळगावात कन्नड प्रत सहज मिळते, पुस्तकही लहान. एका पोरानं कन्नड परिच्छेद वाचायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं मराठीत सांगायचा. एरवी अडखळणारी पोरं इथं वरचढ ठरतात, आणि ज्येष्ठांना त्यांना विचारावं लागतं. त्यातून कट्ट्याची घडी बदलते.

गोष्ट अशी: दुर्वासपूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा मरतो. दारू पिणारा, मांस खाणारा, चंद्रीला घरात ठेवणारा ब्राह्मण. त्याचं दहन कोणी करायचं? जातीबाहेर टाकलेला नाही, म्हणून दुसऱ्या जातीनं करायचं नाही. विटाळ नको म्हणून आपणही करायचं नाही. प्रेत घरात असेपर्यंत अग्रहारात कोणी जेवायचं नाही. चंद्री अंगावरचे दागिने खर्चासाठी पुढं ठेवते आणि आतापर्यंत मागं सरणारे हळूहळू पुढं सरकायला लागतात. उंदीर मरायला लागलेत, गिधाडं छपरावर आलीत, आणि अग्रहारातला सगळ्यांत विद्वान प्राणेशाचार्य पोथीत उत्तर शोधतोय. वाचन इथं थांबवा. पुढं प्रेताचं काय होतं आणि ते कोण करतं, हे पुढच्या रविवारी. ज्यांनी आधी वाचलंय त्यांना गप्प बसवा.

यातलं नेमकं काय बघायचं? प्राणेशाचार्य वाईट माणूस नाही. तो निर्णय टाळतोय आणि टाळण्याला अभ्यास म्हणतोय. त्या दरम्यान साथ पसरते. निर्णय न घेणं ही सगळ्यांत महाग निवड असते, हे हे पुस्तक तारखेवार दाखवतं. शेवट उघडा सोडलाय, त्यावर कुरकुर होणार.

याच्या जोडीला फ्रेंच लेखक कामूची 'प्लेग' (१९४७) लावा. इंग्रजी भाषांतर हाताशी असलं तरी पुरं. पाच भाग आहेत, अख्खी वाचायला गेलात तर तिसऱ्या भागात निम्मी मंडळी गळतात. त्याऐवजी तीन माणसांचे तीन धागे काढा. एक रांबेर: पॅरिसचा पत्रकार, ओराँ शहरात अडकलाय, बाहेर पडायची चोरवाट पैसे देऊन ठरवतो, आणि वाट खुली होते तेव्हा थांबतो. दोन, फादर पानेलू: दुसऱ्या भागातलं त्याचं पहिलं प्रवचन 'तुमच्या पापाचं फळ' अशा थाटाचं, आणि चौथ्या भागात एक लहान मूल डोळ्यांदेखत तडफडून गेल्यावरचं दुसरं प्रवचन. दोन्ही एका बैठकीत शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात तो 'तुम्ही' म्हणतो, दुसऱ्यात 'आपण'. तीन, ग्रां: नगरपालिकेतला कारकून, कादंबरीचं पहिलं वाक्य वर्षानुवर्षं घासतोय आणि दिवसभराच्या नोकरीनंतर साथीच्या नोंदी लिहायला येतो. निवेदक म्हणतो, नायक हवाच असेल तर हा घ्या. कोतार विसरू नका, साथीत ज्याचं बरं चाललंय असा माणूस. तो सगळ्यांना ओळखीचा वाटतो.

मुलाच्या मृत्यूचं प्रकरण मोठ्यानं वाचू नका. ज्यांच्या घरात असं झालंय ते उठून जातात, आणि आपल्याला आधी कळत नाही. सांगा, आणि ज्यांना वाचायचंय त्यांना पान क्रमांक द्या.

आणि एक. फाळणीवर मंटोची 'टोबा टेक सिंग' कोणीतरी आणेलच. दहा-बारा पानं, एका बैठकीत होते, कथा अव्वल आहे. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग, आपलं गाव हिंदुस्थानात की पाकिस्तानात एवढंच विचारतोय. पण तारीख बघून घ्या. सीमालढ्याच्या १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या आसपास ही कथा ठेवलीत तर दुसऱ्या मिनिटाला सीमाप्रश्न येतो, आणि १९५६ पासूनचा सगळा पाढा वाचून होईपर्यंत साडेसात वाजतात. मार्चमध्ये घ्या.

राकसकोप

पुस्तकांबद्दल वर पुरेसं आलंय, मी चर्चा चालवण्याबद्दल लिहितो.

'मी असतो तर' बंद करायला मनाई करून उपयोग नाही. त्याआधी दुसरं काम द्या. वाचन निर्णयाच्या आधी थांबलं की कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, तीन मिनिटं, नाव लिहायचं नाही. चिठ्ठीवर फक्त दोन गोष्टी: या माणसासमोर आत्ता कोणकोणते रस्ते आहेत, आणि तो यातला कोणता घेईल असं वाटतं. 'घ्यावा' असं विचारायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून तुम्ही वाचून दाखवा. याचा मोठा फायदा म्हणजे थोरल्यांचं मत आधी कानावर पडत नाही. गावात एखाद्या निवृत्त गुरुजींनी तोंड उघडलं की पोरं माना डोलवतात आणि संपलं.

चिठ्ठ्या वाचल्या की फळ्यावर चार खाने: त्याला काय माहीत होतं, त्याच्या हातात खरोखर काय होतं, तो 'नाही' म्हणाला तर किंमत कोण मोजणार, तो काहीच बोलला नाही तर काय होणार. तिसऱ्या खान्यात बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं नाव नसतं, दुसऱ्याचंच असतं. फकिराच्या बाबतीत तर उघडच आहे. तो खाना भरला की 'मी असतो तर' आपोआप ओसरतं, कारण आता प्रश्न 'तुझ्या आईला कोठडीत टाकलं असतं तर' असा झालेला असतो.

लेवी घेणार असाल तर त्याची 'करडा प्रदेश' ही कल्पना समजून घ्या. १९८६ च्या 'द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड' या पुस्तकात आहे. कैद्यांतूनच मुकादम नेमलेले, सूप वाढणारे, प्रेतं हलवायला लावलेले. जादा पळीभर सुपासाठी किंवा आणखी चार महिन्यांच्या आयुष्यासाठी यंत्रणेचा भाग झालेले. लेवी म्हणतो यांचा निवाडा करायची घाई नको, पण म्हणून मारणारा आणि मार खाणारा एकच, असं मुळीच नाही. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. मग चर्चा 'सगळेच सारखे, परिस्थिती वाईट' या खड्ड्यात जाते आणि तिथून बाहेर येत नाही. अशा वेळी एकच विचारा: हुकूम कोणाचा होता आणि नकार दिला तर कोणाला मरण होतं? ज्याला नकाराची मुभा होती आणि तरी त्यानं केलं, तो वेगळ्या खान्यात.

दुःखाच्या तुलना. ज्यूंचं मोठं की दलितांचं की निर्वासितांचं, ही शर्यत लागायला पाच मिनिटं लागत नाहीत. सरळ म्हणा की आज एकच पुस्तक उघडं आहे. आणि 'फकिरा' किंवा 'बलुतं' वाचताना, कट्ट्यात त्या समाजाचे लोक असतील तर 'तुमच्याकडे असंच होतं का हो?' असं विचारायचं नाही, कोणी विचारलं तर तिथेच आवरायचं. माणूस वाचक म्हणून आलेला असतो, त्याला पुरावा म्हणून उभा करू नका. मोठ्यानं वाचायची पाळी सगळ्यांना जशी येते तशी त्यालाही येऊ द्या.

बायकांचा एक मुद्दा. यादीत सगळे पुरुषच निवड करताहेत. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घाला, दोन बैठका तरी. त्यातली बाळंतपणातली भूक आणि सासूकडून सुनेचा होणारा छळ ही प्रकरणं वाचा. बाहेरच्या अन्यायाबद्दल लिहिताना घरातल्या अन्यायावर पांघरूण घालायचं नाही, ही बाईंनी केलेली निवडच आहे, आणि ती लिहिताना केलेली आहे. पुस्तकातल्या पात्रांपुरतंच बघत राहिलं तर ती सुटते.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. 'संस्कार'नं सुरुवात हे पटलं, कन्नडवाली पोरं खूष होतील. 'रणांगण' चौथ्या-पाचव्या बैठकीला ढकलतो. दोन शंका. प्रती तीन-तीनच घेता येतील असं दिसतंय, मग झेरॉक्स काढून वाटलं तर चालेल का? आणि १६-१७ वर्षांच्या चार मुलींनी अॅन फ्रँक सुचवलीय, ती या विषयात बसते का? मला ती 'निवडीची' वाटत नाही, तिच्या हातात काय होतं?

जुनं कपाट

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स नको. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, म्हणजे 'फकिरा' २०२९ अखेरपर्यंत हक्कात. बेडेकर १९९८ ला गेले, त्यांचा प्रश्नच नाही. कामू १९६० ला गेला, मूळ फ्रेंच आता आपल्याकडे खुलं आहे, पण इंग्रजी किंवा मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो, तो वेगळा मोजायचा. मंटोचं तसंच. पुस्तकातला बेताचा उतारा चारचौघांत वाचून दाखवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही, आणि तुम्हाला हवंय तेवढंच.

तीन प्रती पुरतात, फिरवायची रीत बसवली तर. एक प्रत कट्ट्यावरून हलवायची नाही, तिच्यातच पेन्सिलीनं खुणा: कुठे सुरू, कुठे थांबायचं. उरलेल्या दोन रविवार ते बुधवार एका घरी, बुधवार ते रविवार दुसऱ्या घरी. म्हणजे आठवड्याला चार वाचक. म्हणून पुढचं पुस्तक चालू पुस्तकाच्या तीन आठवडे आधी फिरायला सोडायचं, नाहीतर बैठकीला चारच जणांनी वाचलेलं असतं. प्रती घेताना तिन्ही एकाच आवृत्तीच्या घ्या. वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या की पान क्रमांक जुळत नाहीत आणि 'कुठलं पान, कुठलं पान' यात दहा मिनिटं जातात. बेळगावच्या गणपत गल्लीत नाही मिळालं तर कोल्हापूर. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं असतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरही बघा. जुनी प्रत घेतलीत तर शिवण आधी तपासा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पुस्तकं चार हात फिरली की पानं सोडतात.

हिडकल

अॅन फ्रँक बसते की. निवड तिची शोधू नका, मदत करणाऱ्यांची शोधा. अॅमस्टरडॅमच्या एका कचेरीच्या मागच्या बाजूला तिच्यासह आठ ज्यू नाझींपासून लपलेले: सात जुलै १९४२ पासून, आठवा नोव्हेंबरपासून, ते ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत. त्यांना रोज खायला कोण आणतं? मीप गीस, बेप फॉस्कॉइल, कुगलर आणि क्लाइमन, वडिलांच्या कचेरीतली माणसं. रेशन कार्डं बाहेरून मिळवायची, दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून भाजी बेतानं घ्यायची, आजारी पडलं तर डॉक्टर बोलवायचा नाही, आणि खाली गोदामात काम करणाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. एकदा 'हो' म्हणून भागलं नाही, दोन वर्षं रोज सकाळी पुन्हा 'हो' म्हणावं लागलं. धाड पडली तेव्हा कुगलर आणि क्लाइमन दोघांनाही पकडून नेलं. मुलींना काम द्या: डायरीत या चौघांची नावं येतात ती पानं शोधून, त्या दिवशी त्यांनी काय आणलं त्याची यादी करायची. वाढदिवसाची फुलं, पुस्तकं, बातम्या, सगळं.

अॅनच्या हातात एक गोष्ट होती तीही दाखवा. मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर डायऱ्या आणि पत्रं गोळा करणार आहेत, तेव्हा तिनं आपली डायरी स्वतः सुधारून पुन्हा लिहायला घेतली.

राकसकोप

जाता जाता एक भर. जी. ए. कुलकर्णींनी युजीन हाइमलर या हंगेरियन ज्यू लेखकाच्या छावणीच्या आठवणी 'वैऱ्याची एक रात्र' नावानं मराठीत आणल्यात. वाचनालयाच्या जुन्या साठ्यात असेल तर लेवीची इंग्रजी प्रकरणं तोंडी सांगण्यापेक्षा हे थेट मराठीत वाचता येईल, आणि बेळगावात शिकलेल्या माणसाचं मराठी म्हटल्यावर ज्येष्ठ मंडळी कान टवकारतील. स्टाइनलाउफचं प्रकरण मात्र तरीही ठेवा, त्याला पर्याय नाही. जी. एं.चीच 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा राखीव बैठकीसाठी काढून ठेवा. कोठडीत अडकवलेला माणूस आणि एक वेल. लांब आहे, ४० मिनिटांत होत नाही, म्हणून त्या दिवशी चर्चा आखडून साठ मिनिटं वाचनाला द्या आणि वाचणारे दोघं ठेवा. जी. एं.ची वाक्यं लांब असतात, एकाचा दम पुरत नाही.